विमान कुंपणाबाहेर पडलं तर: कोकणातल्या अग्निशमन आणि बचाव पथकांना तयार कसं करायचं

विमानतळाच्या कुंपणाच्या आत अपघात झाला तर कोणी काय करायचं हे ठरलेलं असतं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या निकषांनुसार विमानतळाच्या अग्निशमन पथकाला धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला ३ मिनिटांच्या आत पोचून फोमचा मारा सुरू करता आला पाहिजे, आणि शक्यतो २ मिनिटांतच पोचायचा प्रयत्न असावा. त्यासाठी क्रॅश फायर टेंडर, म्हणजे विमानाच्या आगीसाठीचे खास बंब असतात, शिकलेली माणसं असतात, दर दोन वर्षांच्या आत एक पूर्ण प्रमाणावरची रंगीत तालीम घ्यावी लागते. प्रश्न आहे तो कुंपणाच्या बाहेरचा. विमान सड्याची, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाची, कड ओलांडून खाली बागेत गेलं, खाडीच्या गाळात रुतलं किंवा किनाऱ्यापासून थोडं आत समुद्रात उतरलं, तर तिथे पहिला पोचेल तो नगरपरिषदेचा बंब, गावचा पोलीस पाटील, कलमांच्या बागेत काम करणारे गडी, नाहीतर जाळी ओढून परतणारे खलाशी. हा लेख त्या माणसांचं प्रशिक्षण हाती घेणाऱ्यांसाठी आहे: नगरपरिषदांचे अग्निशमन अधिकारी, तालुक्याचे आपत्ती व्यवस्थापन कक्ष, आपदा मित्रांचे, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचे, प्रशिक्षक.

ही भीती नसती नाही. २२ मे २०१० रोजी मंगळूरला विमान धावपट्टी संपून दरीत गेलं, १५८ माणसं गेली, ८ वाचली. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला भर पावसात, रात्रीच्या वेळी बोइंग ७३७ धावपट्टीवरून खाली कोसळलं. विमानात १९० जण होते, २१ दगावले. आग लागली नाही आणि आसपासचे गावकरी मिळेल त्या रिक्षा-गाड्या घेऊन धावले, म्हणून बाकीचे वाचले. दोन्ही धावपट्ट्या डोंगरमाथा सपाट करून बांधलेल्या. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या चिपीच्या आणि रत्नागिरीच्या धावपट्ट्याही सड्यावरच आहेत, पाऊस तोच आहे, आणि कडेखालचे रस्तेही तसेच अरुंद आहेत.

नकाशा आधी

प्रशिक्षणाचा पहिला दिवस वर्गात घालवू नका. विमानतळाचा चौकटी आखलेला नकाशा मागवून घ्या. असा नकाशा प्रत्येक विमानतळाकडे असतो, त्यात धावपट्टीच्या भोवतालचा परिसर क्रमांक दिलेल्या चौकोनांत विभागलेला असतो. त्याची एक प्रत बंबात, एक नियंत्रण कक्षात, एक पोलीस ठाण्यात लागली पाहिजे. टॉवरवरून चौकोनाचा क्रमांक आला आणि बंबाच्या चालकाला तो कळला नाही, तर नकाशाचा उपयोग शून्य.

मग तो नकाशा घेऊन पथकाला पायी फिरवा. सगळ्यात आधी धावपट्टीच्या दोन्ही टोकांच्या पुढचा भाग. उतरताना आणि उड्डाण करतानाच बहुतेक अपघात होतात, त्यामुळे विमान त्या रेषेत सापडण्याची शक्यता सर्वाधिक. नकाशावर जे नसतं ते इथे भरायचं: कुठल्या वाडीला बंब वळतो आणि कुठल्या पाणंदीत तो अडकेल, कुठल्या साकवावरून (छोट्या पुलावरून) भरलेला बंब नेता येणार नाही, कुठे विजेच्या तारा खाली लोंबतात, कुठली पाखाडी पायऱ्यांची आहे, कुठला व्हाळ (ओढा) जूनपासून रस्ता अडवतो, कुठल्या फाटकाची किल्ली कुणाकडे. उन्हाळ्यात पाणी कुठे मिळेल आणि पंप लावायला जागा कुठे आहे, हेही. ठिकाणांची नावं गावकरी बोलतात तीच लिहा. रात्री फोन येईल तेव्हा कुणी अक्षांश-रेखांश सांगणार नाही; ‘वरच्या वाडीच्या मागे, कातळावर’ असंच सांगेल.

फेरफटका दोनदा व्हावा, एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैत. एकाच रस्त्याला दोन वेगळे वेळ लागतात हे चालकाने स्वतः अनुभवायला हवं.

निरोप कसा फिरतो

टॉवरकडून येणाऱ्या सूचनेच्या तीन पायऱ्या पथकाला तोंडपाठ हव्यात. विमानात किरकोळ बिघाड आहे पण उतरायला अडचण नसावी, तेव्हा पथकांनी सज्ज राहायचं. बिघाड गंभीर आहे, अपघात होऊ शकतो, तेव्हा बाहेरच्या पथकांनीही ठरलेल्या जागी येऊन थांबायचं. आणि अपघात झालाच आहे, तेव्हा थेट घटनास्थळी. दुसऱ्या पायरीला नगरपरिषदेचा बंब कुठे उभा राहणार, कुठल्या फाटकातून आत घेतला जाणार आणि त्या फाटकावर त्याला वाट दाखवायला कोण येणार, हे विमानतळाशी लेखी ठरवून घ्या. सुरक्षारक्षकाने पास मागितला म्हणून बंब फाटकावर अडकला, असं सरावात एकदा घडू द्या. मग ते कायमचं सुटतं.

फोन घेणाऱ्याने विचारायच्या गोष्टी एका कागदावर मोठ्या अक्षरांत टेबलावर चिकटवून ठेवा: विमानाचा प्रकार, आत किती माणसं, इंधन किती, धोकादायक माल आहे का, चौकोन क्रमांक, वारा कुठून. कुंपणाबाहेरचा पहिला फोन बहुधा गावकऱ्याचाच असेल, आणि तो ११२, १०१ किंवा १०८ पैकी सुचेल तो क्रमांक लावेल. तिन्हीकडच्या माणसांनी एकमेकांना कळवायचं, आणि समुद्राचा प्रश्न असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ व सागरी सुरक्षेचा १०९३ लगेच लावायचा. हा निरोपांचा सराव खर्चाशिवाय दर महिन्याला होतो. अचानक फोन करायचा आणि शेवटच्या माणसापर्यंत बातमी किती मिनिटांत पोचली ते लिहून ठेवायचं.

विमान हाताने ओळखायचं

कोळिकोडच्या चौकशी अहवालात नोंदवलेली एक गोष्ट प्रत्येक प्रशिक्षकाने वाचावी: अग्निशमन पथकाला त्या प्रकारच्या विमानाची पुरेशी ओळख नव्हती आणि वैमानिकांना बाहेर काढायला उशीर झाला. ती तर विमानतळाचीच माणसं होती. १९८० साली रियाधला तर पेटलेलं विमान सुखरूप उतरलं, पण बाहेरच्या माणसांना दारं उघडायला इतका वेळ लागला की आतल्या ३०१ जणांपैकी कुणीच वाचलं नाही.

म्हणून विमान कंपनीकडे आणि विमानतळाकडे परवानगी मागा, आणि विमान थांबलेलं असताना पथकाला त्याच्याभोवती फिरवा. चिपीला ज्यांची वर्दळ आहे त्या एटीआर ७२ पासून सुरुवात करा. हे विमान २७ मीटर लांब, दोन पंख्यांचं, आणि त्याचे पंख केबिनच्या वर असतात. इंधन पंखांत, म्हणजे प्रवाशांच्या डोक्यावर. टाकी फुटली तर ते दोन्ही बाजूंनी खाली ओघळतं. टाक्या पूर्ण भरलेल्या असतील तर सुमारे ५,००० किलो, म्हणजे ६,००० लिटरच्या वर.

प्रवाशांचं मुख्य दार मागे डाव्या हाताला, त्यालाच पायऱ्या. समोरच उजवीकडे सेवेचं दार. केबिनच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना आपत्कालीन दरवाजे. पुढे डावीकडचं मोठं दार सामानाचं. कॉकपिटच्या छतात वैमानिकांना निघायला झडप. मुख्य दार खालच्या दिशेने उघडतं, त्यामुळे विमान पोटावर बसलं असेल तर ते जमिनीला अडू शकतं. अशा वेळी पुढच्या दरवाजांकडे जायचं हे डोक्यात पक्कं हवं. पंख वर असल्यामुळे पंखावरून उतरण्याची वाट इथे नाही.

एक गोष्ट इथे मुद्दाम जवळून दाखवावी. एटीआरच्या उजव्या इंजिनाला पंख्याचा ब्रेक असतो. विमान उभं असताना वीज आणि हवा मिळावी म्हणून ते इंजिन चालू ठेवतात आणि पंखा मात्र अडवून धरलेला असतो. म्हणजे सहा पात्यांचा पंखा स्तब्ध दिसतोय आणि मागून इंजिनाची गरम हवा बाहेर पडतेय, असं चित्र असू शकतं. फायरमनला ते लांबून दाखवा, आवाज ऐकवा, आणि सांगा की पंखा थांबलेला दिसला म्हणून इंजिन बंद आहे असं धरून चालायचं नाही.

मोठ्या विमानांचीही तोंडओळख हवी, कारण नवी मुंबई आणि गोव्यातलं मोपा दोन्हीकडची विमानं कोकणावरूनच जातात. एअरबस ए३२० मध्ये पंखांच्या आणि मधल्या टाकीत मिळून २३ हजार लिटरच्या वर इंधन मावतं. त्याचं दार बाहेरून उघडलं की प्रवाशांना उतरायची फुगणारी घसरगुंडी आपोआप निष्क्रिय होते. बोइंग ७३७ ला ही सोय नाही. दार बाहेरून उघडलं तर घसरगुंडी जोराने फुगून उघडणाऱ्याला शिडीवरून फेकू शकते. त्यामुळे दारासमोर नाही, बाजूला उभं राहून उघडायचं, आणि हा सराव प्रत्येकाने जाड हातमोजे घालूनच करायचा. उघड्या हाताने सहज फिरणारी मूठ हातमोज्यात सापडतही नाही. काही विमानांच्या अंगावर लाल किंवा पिवळ्या कोपरा-खुणा असतात. कापायची वेळ आलीच तर तिथे कापायचं. दुसरीकडे कापलं तर तारा, तेलाच्या नळ्या किंवा ऑक्सिजनची लाईन लागते.

फोमचं गणित

आता मूळ मुद्दा. एटीआरसारख्या विमानासाठी विमानतळाला पाचव्या वर्गाची तयारी ठेवावी लागते (वर्ग विमानाच्या आकारावरून ठरतो, फोमचा दर्जा त्याच्या आग विझवण्याच्या क्षमतेवरून): बी दर्जाच्या फोमसाठी ५,४०० लिटर पाणी आणि मिनिटाला ३,००० लिटर मारा. ए३२० साठी सहावा वर्ग, ७,९०० लिटर आणि मिनिटाला ४,०००. नगरपरिषदेच्या बंबावर जी एफबी-५एक्स फोम ब्रँच (फोम सोडणारी तोटी) असते ती मिनिटाला सुमारे २२५ लिटर सोडते. बी दर्जाच्या फोमला दर चौरस मीटरला मिनिटाला ५.५ लिटर द्रावण लागतं. २२५ ला ५.५ ने भागा: एक ब्रँच सुमारे ४० चौरस मीटर आग धरू शकते. एवढीच.

हा आकडा पथकाला फोमच्या सरावाच्या पहिल्याच तासात फळ्यावर मांडून दाखवा, कारण त्यावरून सगळं ठरतं. आपल्या बंबाने विमानाची अख्खी आग विझणार नाही. पण दारापासून सुरक्षित जागेपर्यंतचा ४ मीटर रुंद, १० मीटर लांब पट्टा आपण मोकळा धरू शकतो. माणसं बाहेर येतील ती त्याच वाटेने. तेवढी वाट उघडी ठेवणं हेच पहिल्या बंबाचं काम. उंच ज्वाळा दिसतात तिकडे पाणी मारायचा मोह प्रत्येक नव्या फायरमनला होतो. सराव घेऊन घेऊन तो मोह मोडावा लागतो.

पुढचं गणितही करून घ्या. ३ टक्क्यांचा फोम असेल तर मिनिटाला पावणेसात लिटर कॉन्सन्ट्रेट (पाण्यात मिसळायचा मूळ फोम) लागतं, म्हणजे २० लिटरचा कॅन तीन मिनिटांच्या आत संपतो. ६ टक्क्यांचा असेल तर दीड मिनिटात. बंबात ४,५०० लिटर पाणी असेल तर ते २० मिनिटं पुरेल, पण त्यासाठी ३ टक्क्यांचे सात कॅन हवेत. तुमच्या बंबात किती आहेत? दोन असतील तर सहा मिनिटांनी तुम्ही नुसतं पाणी मारणार आहात. कॅन बदलताना धार तुटू नये म्हणून एक माणूस केवळ कॅनवर ठेवा आणि डोळे बांधून कॅन बदलायचा सराव द्या, कारण रात्री धुरात तसंच करावं लागतं. ब्रँचला ७ बारच्या आसपास दाब लागतो. दाब पडला की फोम पातळ होऊन वाहून जातो. लांब होज (पाण्याची नळी) टाकल्यावर दाब किती उरतो हे तुमच्याच पंपावर मोजून ठेवा.

मारायची पद्धत: इंधनाच्या थारोळ्यात धार खुपसायची नाही, त्याने इंधन उसळतं. धार जवळच्या जमिनीवर टाकून फोम सरकत जाऊ द्यायचा, किंवा विमानाच्या अंगावर आपटून खाली ओघळू द्यायचा, नाहीतर उंच मारून पावसासारखा पाडायचा. एकदा फोमची चादर बसली की तिच्यावर साध्या पाण्याची धार मारून ती फोडायची नाही आणि गरजेशिवाय तिच्यातून चालायचं नाही. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या अपघातात फोमखाली झाकली गेलेली एक प्रवासी मुलगी बचावाच्याच गाडीखाली आली. तेव्हापासून जगभर शिकवतात: फोममध्ये गाडी घालायची असेल तर पुढे माणूस चालला पाहिजे.

सरावासाठी लोखंडी पत्र्याचा उथळ हौद करून थोडं डिझेल पेटवता येतं. मात्र फ्लोरीनयुक्त फोम सरावात अजिबात वापरू नका. तो निसर्गात विघटन पावत नाही, आणि आपला जांभा दगड सच्छिद्र आहे. आज सड्यावर सांडलेलं पुढे खालच्या विहिरीत उतरतं. सरावासाठी फ्लोरीनमुक्त फोम मिळतो. हौदाचं सांडपाणी व्हाळाला न सोडता साठवून ठेवा.

वारा, उतार आणि पहिलं मिनिट

विमानाचा पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा थारोळ्याच्या आगीत मिनिटभरात जळून भोक पडतं. प्रवासी विमान अर्ध्या दरवाजांनी ९० सेकंदांत रिकामं करता येतं असं प्रमाणपत्रासाठी दाखवावं लागतं, पण त्यात विमान मोडलेलं नसतं. मँचेस्टरला १९८५ साली उड्डाण थांबवलेल्या विमानाच्या पेटलेल्या बाजूकडून वारा येत होता. त्याने ज्वाळा केबिनवर लोटल्या आणि ५५ माणसं गेली, बहुतेक धुराने गुदमरून. वारा फार जोराचाही नव्हता.

त्यामुळे बंब वाऱ्याच्या पाठीशी आणि उताराच्या वरच्या अंगाला लावायचा. सड्यावर दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो, पहाटे जमिनीकडून; एकाच जागेवर सकाळी आणि संध्याकाळी वेगळ्या बाजूने जावं लागेल. इंधन पाण्यावर तरंगतं. पावसाळ्यात कातळावरून वाहणाऱ्या पाण्यासोबत ते गटारातून खालच्या वाडीत उतरू शकतं आणि आगही मागोमाग जाते, म्हणून एका माणसाने फक्त पाणी कुठे वाहतंय हे बघून खालची घरं रिकामी करायला सांगायचं. उन्हाळ्यात वेगळा धोका. जेट इंधनाचा भडकाबिंदू, म्हणजे त्याची वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, ३८ अंशांच्या आसपास असतो, आणि एप्रिलच्या दुपारी उघडा कातळ त्याहून कितीतरी तापलेला असतो. सांडलेलं इंधन शांत दिसलं तरी त्यावर वाफ तयार असते. विडी, मोबाईल, गाडीची चावी, सगळं लांब.

चाकं पेटली असतील तर समोरून किंवा मागून जायचं, कधीही बाजूने नाही. तापलेलं चाक फुटलं तर तुकडे आसाच्या दिशेने, म्हणजे बाजूलाच उडतात. नुसती तापली असतील आणि ज्वाळा नसेल तर त्यांना आपोआप निवू द्यावं.

केबिनच्या आत: एसटीचा उपयोग

खरं विमान सरावाला मिळणार नाही. भंगारात काढलेली एखादी एसटी मिळवा. मधली वाट अरुंद, दोन्हीकडे बाकं, वर सामान, दोन दारं. केबिनच्या इतक्या जवळचं दुसरं काही तालुक्यात मिळत नाही. खिडक्या काळ्या कागदाने बंद करा, लग्नात वापरतात तसलं धुराचं यंत्र आत लावा, पिशव्या आणि बॅगा वाटेत टाका, काही बाकं उलटवा, पोत्यांत वाळू भरून माणसाच्या वजनाचे पुतळे करा. एक पुतळा बाकाखाली, एक लहान मुलाच्या वजनाचा, वरून सामान पडलेला.

जोडीने आत जायचं, बीए सेट (पाठीवरच्या सिलिंडरमधून श्वासाला हवा देणारा संच) घालून, गुडघ्यांवर. पुढच्याने डावा हात बाकाच्या पायावर ठेवून ओळ मोजत जायचं, ‘तीन... चार...’ असं मोठ्याने म्हणत, आणि मागच्याने त्याच्या पट्ट्याला धरून उजव्या ओळीत हात फिरवायचा: बाकावर, बाकाखाली, पाठीमागे. रिकामी ओळ झाली की बाकावर पांढरी पट्टी अडकवायची. बाहेर येणाऱ्या जोडीने आत जाणाऱ्यांना शेवटच्या तपासलेल्या ओळीचा आकडा सांगायचा. हे ऐकायला सोपं वाटतं. धुरात चौथ्या ओळीनंतर मोजणी चुकते, श्वास वाढतो, आणि सामानाची बॅग माणूस वाटते. तिथेच खरं शिक्षण होतं.

बीए सेटचा वेळ कागदावर मानू नका. ६ लिटरचा सिलिंडर ३०० बारला १,८०० लिटर हवा देतो. मध्यम काम करणाऱ्या माणसाला ती ४० मिनिटांच्या वर पुरते, पुतळा ओढणाऱ्याला खूप कमी. प्रत्येक फायरमनला स्वतःचा वेळ माहीत असावा, आणि बाहेर एकाने पाटीवर आत गेल्याची वेळ व दाब लिहायचा. कोकणातला दमटपणाही हिशेबात धरा. पूर्ण पोशाखात ऑक्टोबरच्या उन्हात माणूस १५-२० मिनिटांत ढेपाळतो. पाळ्या लावा, सावलीत पाणी ठेवा. नव्या विमानांत कार्बन तंतूंचा भाग मोठा असतो. तो जळल्यावर तंतू हवेत उडतात, म्हणून आग विझल्यानंतरही तोंडावरचा मुखवटा काढायचा नाही.

हेलिकॉप्टर आणि लष्करी विमान

कोकणात हेलिकॉप्टरचा अपघात प्रवासी विमानापेक्षा जास्त संभवतो: निवडणुकीचे दौरे, तेलविहिरींची ने-आण, तटरक्षक दल. ३ मे २०२४ ला महाडला उतरताना एक हेलिकॉप्टर आपटलं. मार्च २०१८ मध्ये मुरूडजवळ नांदगावला तटरक्षक दलाच्या चेतक हेलिकॉप्टरला तातडीने उतरावं लागलं, आणि बाहेर पडताना पात्याचा मार डोक्याला बसलेल्या अधिकारी पुढे दगावल्या. म्हणून नियम एकच: वरचं पातं पूर्ण थांबेपर्यंत जवळ जायचं नाही. थांबत आलेलं पातं वाऱ्याने खाली झुकतं. मागच्या पंख्याकडे कधीच नाही. उतारावर असेल तर खालच्या अंगाने जायचं, कारण वरच्या अंगाला पातं जमिनीच्या जवळ येतं. गर्दी आवरायला दोन पोलीस आधी, बचाव मागाहून.

गोव्याच्या नौदल तळावरून लढाऊ विमानं उडतात. तसं विमान पडलं तर कॉकपिटपाशी जायच्या आधी लष्कराला कळवा. वैमानिकाची खुर्ची स्फोटकांवर उडते, न उडालेली खुर्ची जीव घेऊ शकते. लाल त्रिकोणी खुणा आणि पिवळे-काळे पट्टे दिसले की तिथे हात नाही.

समुद्र आणि खाडी

इथे गुरू खलाशी, आपण शिष्य. प्रवाह कुठे ओढतो, भरतीला खाडीचं तोंड कसं वागतं, हे तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, कळतं. त्याला शिकवायच्या गोष्टी थोड्या आहेत पण महत्त्वाच्या: इंधनाच्या तवंगात वाऱ्याच्या बाजूने शिरायचं, पेट्रोलचं इंजिन तवंगात चालू करायचं नाही, माणसाजवळ जाताना पंखा थांबवायचा, बुडत्याला होडीच्या बाजूने नाही, तर जमेल तिथे नाळेजवळून (होडीच्या पुढच्या टोकाजवळून) आडवं उचलायचं. तरंगणाऱ्या तुकड्याला दोर बांधून ओढत आणायचं नाही, आत माणसं असतील तर ती बुडतील. अंगाला जेट इंधन लागलेल्याचे कपडे लगेच काढून गोड्या पाण्याने धुवायचं.

एक अडचण कुणी बोलत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नौका किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. दृश्यमानता सर्वात वाईट असण्याचे हेच दिवस. त्या काळात कुठल्या जेटीवर कुठली बचाव होडी पाण्यात तयार असेल, तिचा चालक कोण आणि डिझेल कुणी भरायचं, हे मे महिन्यात लेखी ठरवा. बंबाने समुद्राचं पाणी ओढलं तर काम झाल्यावर पंप आणि होज गोड्या पाण्याने धुवायचे. आणि तुमचा फोम खाऱ्या पाण्यात चालतो का, हे कॅनवर वाचून ठेवा.

जखमी

गावकरी जखमींना उचलून नेणार, आणि त्यांना अडवायचं नाही. त्यांना आधीच शिकवायचं. मान न वाकवता चौघांनी कसं उचलायचं, दार किंवा फळीचा स्ट्रेचर कसा करायचा, हे वाडीवाडीत एका तासात शिकवता येतं. रिक्षा आणि टेम्पोवाल्यांच्या संघटनेला सरावात घ्या.

कुणाला आधी हलवायचं याची निवड सोप्या पद्धतीने: चालता येतं त्यांना हिरवी पट्टी आणि एका बाजूला. उरलेल्यांत श्वास नाही आणि श्वासमार्ग मोकळा करूनही येत नाही, काळी. श्वास मिनिटाला ३० च्या वर, किंवा नख दाबून सोडल्यावर रंग परतायला २ सेकंदांहून जास्त, किंवा साधी सूचना पाळता येत नाही, तर लाल. बाकी पिवळी. एका माणसाला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ द्यायचा नाही. कागदाची कार्डं पावसात विरघळतात. रंगीत कापडाच्या पट्ट्या मनगटाला बांधा. लाल आधी निघतात, पण सगळे एकाच रुग्णालयात गेले तर तिथेही कुणी वाचत नाही. ओरोसला किती, गोव्याच्या बांबोळीला किती, रत्नागिरीला किती, हे एका माणसाने फाट्यावर उभं राहून ठरवायचं आणि प्रत्येक गाडीचा नंबर व जखमींची संख्या वहीत लिहायची. नातेवाईक दुसऱ्या दिवशी त्या वहीवरच अवलंबून असतात.

पुरावा आणि मृतदेह

माणसं काढण्यासाठी किंवा आग थांबवण्यासाठी जे हलवावं लागेल ते हलवा, बाकी तसंच राहू द्या. चौकशी विमान अपघात अन्वेषण विभाग करतो. हलवावं लागलं तर आधी फोटो काढा आणि कुठून कुठे नेलं ते लिहा. ‘ब्लॅक बॉक्स’ भगवा असतो. सापडला तर पहारा बसवा. मृतदेह जिथे सापडला तिथे क्रमांकाची खूण ठोकल्याशिवाय उचलायचा नाही, आणि त्याच्याजवळचं सामान दुसऱ्यांच्या सामानात मिसळायचं नाही. मोबाईलवर चित्रण करणाऱ्यांना लांब ठेवणं हे पोलिसांइतकंच सरपंचाचं काम आहे. त्यालाही प्रशिक्षणाला बोलवा.

रंगीत तालीम, पण जुलैत

सहा-आठ शनिवारांत वरचे भाग होतात. मग आधी टेबलावर: नकाशा पसरून, तहसीलदार, पोलीस, आरोग्य, अग्निशमन, विमानतळ, मच्छीमार सोसायटी एकत्र बसवून. प्रसंग सांगायचा आणि दर पाच मिनिटांनी एक अडचण टाकायची: साकव वाहून गेला, वायरलेस बंद पडला, फोम संपला, दुसऱ्या रस्त्यावर झाड आडवं आलं. कोण कुणाच्या हुकुमाखाली काम करणार यावर वाद होतील. ते टेबलावरच मिटू देत.

त्यानंतर प्रत्यक्ष. विमानतळाच्या तालमीत बाहेरच्या पथकांनाही घ्या असं पत्र विमानतळाला आधीच द्या. आणि निदान एक सराव पावसाळ्यात, रात्री, पूर्वसूचना न देता घ्या. हिवाळ्यातल्या सकाळी पाहुण्यांसमोर झालेल्या सरावात सगळं सुरळीत होतं आणि कुणी काही शिकत नाही. जखमी म्हणून महाविद्यालयाची मुलं घ्या, प्रत्येकाला त्याच्या जखमेचा कागद द्या, एक-दोघांना घाबरून पळून जायला सांगा.

सराव संपल्यावर तासाभरात, ओल्या कपड्यांतच, सगळ्यांना बसवून विचारा. ज्येष्ठ अधिकारी शेवटी बोलतील. सुरुवात सर्वात नव्या फायरमनपासून करा. आढळलेल्या प्रत्येक त्रुटीपुढे दुरुस्त करणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा आणि प्रत विमानतळाच्या आपत्कालीन समितीला, जिल्हाधिकारी कार्यालयाला पाठवा. खऱ्या घटनेनंतर याच बैठकीसोबत आणखी एक गोष्ट लागते. मृतदेह उचललेली पोरं पुढचे आठवडे झोपत नाहीत. जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकाला आधीपासून ओळखीचं करून ठेवा, सरावाला बोलवा, म्हणजे वेळ आल्यावर मुलं त्याच्याकडे जायला लाजणार नाहीत.